पहिल्या वळणावरची सावली

आयुष्य कशात घालवलंस, असं व्हर्लिन स्टकीला कुणी विचारलं असतं, तर त्याने वेल्डिंगचं नाव घेतलं नसतं आणि मोडलेल्या लग्नाचंही नाही. टॅड ओबरमायरच्या मागे, असं सांगून तो मोकळा झाला असता. ऐकणाऱ्याने मग कपाळावर हात मारला असता, कारण टॅड इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत कधी उतरलाच नव्हता. गावोगावच्या मातीच्या ट्रॅकवर तो वाघ होता. मे महिना आला की उसनं इंजिन आणि चार दोस्त घेऊन तो मोठ्या ट्रॅकवर यायचा आणि पात्रता फेरीच्या शेवटच्या दिवशी गाशा गुंडाळून घरी जायचा. व्हर्लिन त्याच्यापाठोपाठ पार्किंगपर्यंत जायचा आणि दर वर्षी तेच म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की."

या वर्षी मात्र पुढचं वर्ष नव्हतं. व्हर्लिनच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, पण नेमकं बघायला जावं तिथे करडा डाग. उपाय नाही, वाढतच जाणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हे एकट्या बहिणीला, नडीनला माहीत होतं.

"टॅडला सांग ना," ती म्हणाली होती.

"काय सांगू? तुझा एकुलता एक चाहता आंधळा होतोय म्हणून?"

टॅडची गाडी शर्यतीच्या तेहेतीस गाड्यांत उभी असलेली एकदा, फक्त एकदा, डोळ्यांनी बघायची, एवढंच त्याचं मागणं होतं. याहून मोठी मागणी करणाऱ्यांना देव रोज पावतो. व्हर्लिनचं काही खरं नव्हतं.

पण त्या रविवारी दुपारी टॅड खरोखरच तेहेतिसावा होता, म्हणजे शेवटचा, काठावरचा. चार फेऱ्यांचा सरासरी वेग घेतात आणि पहिल्या तेहेतीस गाड्या शर्यतीत जातात. मागून कुणी जास्त वेगाने गेला की काठावरचा बाहेर. रांगेत आता एकच गाडी उरली होती, एका गडगंज चमूतल्या पोरसवदा ड्रायव्हरची. टॅडपुढे दोन वाटा होत्या. होता तो वेग धरून गप्प बसायचं, नाहीतर तो स्वतःहून रद्द करून त्या पोराच्या आधी पुन्हा चार फेऱ्या मारायच्या. एकदा रद्द केलेला वेग परत मिळत नाही, मग पुढे काहीही होवो.

कुंपणापलीकडे टॅड हेल्मेट काखेत मारून उभा होता. व्हर्लिन अलीकडे, जाळीला लागूनच, गॅलरीच्या पायरीवर होता, त्याच्यापेक्षा उंच. शेजारी नडीन मांडीवरचं तळलेलं चिकन झाकून बसली होती. सकाळपासून तिने घास घेतला नव्हता, आणि वर म्हणे तिला शर्यतीत रस नाही.

"काय म्हातारबा!" टॅड ओरडला. "करायचं काय?"

"मला काय विचारतोस? तुझ्या लोकांना विचार."

"माझ्या लोकांत दोन तट पडलेत. ढग टिकला तर डांबर गार राहील आणि मी आणखी जोरात जाईन. ऊन आलं तर चाकं घसरतील. वर बसवलेला माझा माणूस म्हणतो ढग फाटतोय. पण त्याला दर वर्षी काहीतरी फाटताना दिसतं. तुम्ही वर आहात, जरा बघा. पहिल्या वळणावर सावली आहे का अजून?"

दर वर्षी गाडीत बसण्याआधी तो व्हर्लिनला असं काहीतरी विचारायचाच. त्याचा तो शकुन होता. आणि व्हर्लिनची नजर एके काळी खरोखर तशी होती. डांबराच्या चकाकीवरून तो ट्रॅकचा मूड सांगायचा.

व्हर्लिनने पहिल्या वळणाकडे मान वळवली. समोर करडं होतं. ते हल्ली सगळीकडेच असायचं, भिंतीवर, ताटात, नडीनच्या तोंडावर. "मला दिसत नाही रे," एवढे चार शब्द म्हणायचे होते. जन्मभराची अब्रू त्या चार शब्दांत जाणार होती.

"सावली आहे," तो म्हणाला. "भरपूर आहे. जा."

नडीनने झटकन वळणाकडे पाहिलं. "व्हर्लिन, अरे..."

"गप्प बस."

तोवर टॅडने अंगठा वर केला होता. वेग रद्द झाला. पहिली फेरी चांगली गेली, दुसरी बरी. तिसऱ्या फेरीला व्हर्लिनच्या मानेवर ऊन पोचलं. पहिल्या वळणावर ते कधीच येऊन बसलं होतं. चौथ्या फेरीत गाडी भिंतीकडे सरकली, टॅडने ती सावरली आणि सावरताना वेग गेला. तरीही तो तेहेतिसावाच होता, पण आधीपेक्षा हळू.

मग ते पोर निघालं. त्याचीही गाडी घसरली, त्यालाही ऊन बाधलं. फलकावर आकडे लागले तेव्हा गॅलरी हळहळली. पोराचा वेग टॅडच्या नव्या वेगाहून जेमतेम जास्त होता आणि रद्द केलेल्या जुन्या वेगाहून कमी. मागच्या बाकावरचा कुणीतरी मोठ्याने म्हणाला, "नुसता बसून राहिला असता तरी आत होता गाढव!"

वेळ संपल्याचा बंदुकीचा बार झाला.

टॅड बराच वेळ गाडीत बसून राहिला. मग कुंपणाशी आला. व्हर्लिन त्याच्या आवाजाची वाट बघत होता. शिव्या घालील, घालू दे, आपण त्याच लायकीचे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण शिवी आली नाही. थोड्या वेळाने बूट वाजले आणि लांब गेले.

"हे काय केलंस?" नडीन म्हणाली.

"काय?"

"त्याने जाळीच्या फटीतून हात पुढे केला होता. किती वेळ धरून उभा होता."

"कुठे?"

"तुझ्या नाकासमोर."

व्हर्लिनने घाईघाईने हात पुढे केला. जाळी तापली होती. फट काही त्याला सापडली नाही.

"बोलव त्याला."

"गेला तो, व्हर्लिन. तू रागावलायस असं वाटलं असेल त्याला."