मातीच्या पोटातली गोळी

ओसाकातली माझी मैत्रीण पद्मिनी देवाधर्माचा अभ्यास करते, पण स्वतः भाविक नाही, असं म्हणते. विद्यापीठाच्या संग्रहालयात ती इटलीतून आलेल्या जुन्या नवसाच्या वस्तू तपासते: मातीचे हात, पाय, कान, गर्भाशयंसुद्धा. बायका ती देवळात वाहायच्या. तिथल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांतली बाई जिला युनी म्हणायची, तिलाच समुद्रापलीकडून आलेले ग्रीक हेरा म्हणून हाक मारायचे. "देवी कुणाची, हे अडलेली बाई विचारत नाही," असं पद्मिनी हसत सांगायची.

तीच पद्मिनी पाचव्या महिन्यापर्यंत गप्प होती. आधी दोनदा दिवस गेल्याचं लवकर सांगून बसली, आईनं ओटीचे बेत केले आणि दोन्ही वेळा पदरी काही पडलं नाही. दृष्ट लागली, हे तिच्या मनानं घेतलं. या खेपेला तिनं डॉक्टर आणि नवरा मोहन सोडून कुणाला पत्ता लागू दिला नाही. मलाही नाही, आणि तो राग मी अजून धरून आहे. जपानात गरोदर बायकांनी बॅगेला लावायचा बिल्ला तिनं पर्सच्या तळाशी कोंबला होता.

एका मंगळवारी तिच्या वरिष्ठ कोबायाशी-सान म्हणाल्या, "पद्मिनी-सान, आज या गर्भाशयाचा एक्स-रे काढू. चला."

पद्मिनी अडकली. आत जावं तर किरणांची भीती, न जावं तर कारण सांगायला हवं. त्यात आदल्या दिवसापासून बाळ हललं नव्हतं. बोललं तर खरं होईल, म्हणून तिनं ते मोहनलाही सांगितलं नव्हतं.

एक्स-रेच्या दाराशी ती थांबली. "सुमिमासेन, माफ करा, मी आत येत नाही. मला पाचवा महिना आहे."

कोबायाशी-साननी अभिनंदन केलं नाही. तिला लांब खुर्चीवर बसवलं आणि एकट्या आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी तिला फोटो दाखवला. मातीच्या गर्भाशयात मटाराएवढी गोळी होती. कुणीतरी ती आत ठेवून, तोंड लिंपून मग भाजलं होतं.

"बाहेरून कळलंच नसतं," त्या म्हणाल्या. "पण देवीला तरी सांगितलं होतं त्या बाईनं."

पद्मिनीला रडू फुटलं. "कालपासून हलत नाहीये ते."

टॅक्सीत कोबायाशी-साननी किल्ल्यांचा जुडगा काढला. लेकीच्या बाळंतपणापासून त्याला अडकवलेला सुखरूप सुटकेचा ताईत सोडवला आणि पद्मिनीच्या मुठीत दिला. कुठल्या देवाचा, हे तिनं विचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टरबाई पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. मुठीतला ताईत घामानं भिजला. मग भराभर ठोके ऐकू आले.

संध्याकाळी तिनं मला फोन करून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ज्योत्स्ना, आता तुलाही कळलं. मला फार भीती वाटतेय गं."

म्हणजे माझ्या दृष्टीची भीती. दुसरी वेळ असती तर चांगली झाडली असती. मी फोन ठेवला, डब्यातून मीठ-मोहऱ्या काढल्या आणि मोबाइलमधल्या तिच्या फोटोवरून तीनदा उतरवल्या.