काकूंच्या ओटीवरची माणसं

काकूंना किळस फार यायची. पण तुम्हाआम्हाला ज्या गोष्टींची येते, त्यांची नाही. कुणाच्या पायातली पिकलेली जखम त्या उघड्या हातांनी धुवायच्या, शेजारच्या लेकराची ओकारी पदराने पुसायच्या. मात्र गावातला एखादा प्रतिष्ठित गृहस्थ ओटीवर बसून गोड बोलू लागला की त्यांचं नाक आक्रसायचं. तो फाटकाबाहेर पडला रे पडला की त्या तेवढी जागा शेणाने सारवून घ्यायच्या. "वास मारतो मेला," म्हणायच्या.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. श्रीवर्धनच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून आले, तेव्हा मला कुणी खोली देईना. घरं रिकामी होती, मालक मुंबईत आणि किल्ल्या गावातल्या त्यांच्या भाऊबंदांकडे होत्या. पण बिनलग्नाची एकटी बाई म्हटल्यावर प्रत्येकाला काहीतरी अडचण आठवायची. "भेटायला कोण कोण येणार?" असंही एकाने डोळे बारीक करून विचारलं. काकूंनी फक्त विचारलं, "घोरतेस का गं?" मी नाही म्हटलं. "मग ये. मी घोरते." काकू विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. घरामागच्या छोट्या वाडीतल्या सुपारीवर त्यांचं चालायचं.

शेजारची मोठी वाडी भाऊसाहेबांची. सभेत खादीची टोपी घालून 'प्रत्येकाला हक्काचं छप्पर' म्हणणारे ते हेच. त्यांच्या वाडीत शिंपण करणाऱ्या गड्यांच्या झोपड्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. कसेल त्याची जमीन होणार, अशी बोलवा उठली आणि उद्या ही माणसं राहत्या जागेवर हक्क सांगतील, या भीतीने भाऊसाहेबांनी मृगाच्या तोंडावर झोपड्यांची छपरं उतरवली. "मी कुणाला घालवलं नाही हो, शाकारणी करायची आहे," असं ते हसून सांगत. छपरं परत चढली नाहीत. कुडाच्या मातीच्या भिंती पावसाने वितळल्या, आणि माणसं आपणहून गेली असं ठरलं.

ती माणसं देवळात गेली, तर पंच म्हणाले, देवाला ओवळं होतं. शाळेच्या पडवीत आली, तर आमच्या हेडमास्तरांनी कुलूप घातलं. शेवटी काकूंनी आपली ओटी आणि पडवी उघडली. गड्यांपैकी धर्माची बायको सखू ओली बाळंतीण होती. ती पायरीशीच अडली.

"काकू, आमी वर कशी येऊ? तुमचं घर बाटंल."

"बाटलं तर बाटलं. तू आधी पोर कोरड्यात आण."

गावाने काकूंना वाळीत टाकलं. त्यांच्या यजमानांच्या श्राद्धाला भटजी येणार नाहीत, असा निरोप आला. "नका येऊ म्हणावं. कावळा काही तुम्हाला विचारून येत नाही," काकूंनी उलट निरोप धाडला. याच भटजींची बायको मागच्या दाराने काकूंकडून मुलाच्या खोकल्यावरचा काढा मात्र नेत असे. काकू देत. बाईची नव्हे, तिच्या त्या मागच्या दाराने येण्याची मला शिसारी येई.

पुढे बेघरांसाठी सरकारी घरं मंजूर झाली. समितीवर भाऊसाहेबच. घरं बांधली खाडीकाठच्या खाजणात, आणि त्यातली उंचवट्यावरची भाऊसाहेबांच्या भाच्यांना गेली. सखूला मिळालेलं घर बघायला काकू तिच्याबरोबर गेल्या, मीही होते. उधाणाचं पाणी नुकतंच ओसरलं होतं. जमिनीवर काळा चिखल, भिंतीला कमरेपर्यंत ओल, आणि चुलीत एक खेकडा बसलेला. दारावर उद्घाटनाचं आंब्याच्या पानांचं तोरण.

"ऱ्हाऊ आमी," सखू म्हणाली. "न्हाय तरी कुठं जाणार?"

काकू बाहेर आल्या आणि दगडी गडग्याला धरून खरोखरच ओकल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडीतल्या सुपारीच्या पोफळी तोडायला घेतल्या. भाऊसाहेब धावत आले. "काकू, अहो, हे भरल्या घडांचं झाड! हात कसा धजतो तुमचा?"

"माणसं पावसात बसली तेव्हा तुमचं काळीज नाही हललं. आज झाडासाठी बरं हललं," काकू म्हणाल्या. "दूर व्हा. अंगावर पडेल."

मोकळ्या झालेल्या जागेत सखूचं आणि इतर गड्यांची घरं उभी राहिली. काकूंनी ती जागा रीतसर गड्यांच्या बायकांच्या नावावर करून दिली. "पुरुषांच्या नको. दारूत विकतील." धर्मा मान खाली घालून हसला. पोफळी गेल्यावर काकूंचं खाणंपिणं बेतास बात झालं. पण सखूच्या चुलीवरची भाकरी त्यांच्या ताटात येऊ लागली आणि त्या ती चवीने खात.

काही वर्षांनी काकू गेल्या. मी शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहत होते. एवढी वर्षं उंबरा न शिवलेले गावकरी त्या सकाळी अंगणात जमले. 'काकूंच्या कार्यामागे समितीची प्रेरणा होती,' असं भाऊसाहेब कुणाला तरी सांगत होते. त्यांनी टपोऱ्या झेंडूचा हार आणला होता. तिरडी उचलायला ते पुढे सरसावले, तेव्हा सखू आडवी आली. "हात लावू नका. उचलाया आमची मानसं हायेत." आवाज चढला नव्हता, पण कुणी पुढे आलं नाही. धर्माने आणि त्याच्या माणसांनी काकूंना नेलं.

भाऊसाहेबांचा हार ओटीवरच राहिला. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. मी तो केरसुणीने उकिरड्यापर्यंत लोटत नेला; हाताने उचलवला नाही.