पहिला आवाज घरचा

माझ्या औषधांच्या दुकानामागच्या खोलीत ऐकू यायची मशीनं कानात बसवणारा मशीनवाला दर गुरुवारी पेणहून येतो. गिऱ्हाईक यायच्या आधी मशीनला नळी लावून, त्यात बोलून स्वतःच्या कानाने तपासतो. एक-दोन-तीन म्हणत नाही. त्याचं ठरलेलं वाक्य एकच, "जेवलास काय?" मला हसू येतं.

मशीन गिऱ्हाईकाच्या कानात बसवलं की मात्र हा गप्प. सोबत आलेल्याला बोलायला लावतो. म्हणतो, "पयला आवाज घरचा पायजे."

परवा वरसे गावचा एक म्हातारा एकटाच आला. मशीन बसवून झाल्यावर मशीनवाला उगाच दाराकडे बघत राहिला. शेवटी म्हाताऱ्याच्या पाठीमागे जाऊन हळूच म्हणाला, "बाबा, जेवलात काय?"

म्हातारा वळला. "नाय रे, अजून नाय."

मशीनवाल्याने पिशवीतून डबा काढला आणि अर्धा भात झाकणात वाढला.