बाकावर कोण बसणार

मिसेस हार्टिगन यांची शाळेच्या पहिल्या दिवसाची आखणी एका पानावर मावायची, आणि चौतीस वर्षांत ते पान फारसं बदललं नव्हतं. पावणेनऊला दप्तरं खुंटीवर. आठ पन्नासला रडारड. आठ पंचावन्नला रडारड बंद. ‘बंद’ या शब्दाखाली रेघ. नऊला पालक ग्रंथालयात. तिथे चहा, लॅमिंग्टन केक आणि टिश्यूंचा खोका ठेवलेला असे. आयांनी तिथे बसून हवं तेवढं मुसमुसावं, वर्गाच्या काचेला नाक लावून उभं राहू नये, एवढ्यासाठी तो सगळा थाट. साडेदहाला मधली सुट्टी. आणि त्यापुढे पेन्सिलीने एकच शब्द: ‘बाक’. त्याच्यासमोरची जागा दरवर्षी कोरी असायची, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी भरली जायची.

रेलीन कटबुश ही बाईंची वर्गातली मदतनीस. यंदा तिचं सहावं वर्ष. मुलांना खेळायला पिठाचा रंगीत गोळा मळायचा, खुंट्यांवर नावांच्या पट्ट्या चिकटवायच्या, कुणाची चड्डी ओली झाली तर बदलायची, ही तिची कामं. तिची नोकरी दर डिसेंबरात संपायची आणि बाईंनी मुख्याध्यापकांकडे ‘हीच हवी’ असा शब्द टाकला की जानेवारीत पुन्हा सुरू व्हायची. नवरा ट्रक घेऊन पंधरा पंधरा दिवस बाहेर, आणि गावात धान्याची कोठारं, बेकरी आणि पब सोडले तर नोकरी म्हणून दुसरं काही नाही. बाईंपुढे ती मान वर का करत नसे ते यावरून समजून घ्या.

आता त्या बाकाचं. आमच्याकडे शाळा उघडते ती जानेवारीच्या शेवटी, भर उन्हाळ्यात, आणि तेव्हा सगळ्या शाळांत एकच नियम: टोपी नाही, तर खेळ नाही. उन्हाने कातडी जाते, पुढे जिवावर बेततं, म्हणून नियम चांगलाच आहे. टोपी विसरलेल्या मुलाने व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं आणि बाकीच्यांचा खेळ बघायचा. पण मिसेस हार्टिगनना फार वर्षांपूर्वी एक गोष्ट कळली होती. पहिल्या दिवशी टोपी कुणीच विसरत नाही. आया आदल्या रात्रीच दप्तर भरून दाराशी ठेवतात. विसरायला सुरुवात होते ती तिसऱ्या आठवड्यात, आणि मग वर्षभर बोंब. मुलांना धडा पहिल्याच दिवशी मिळाला पाहिजे, आणि धड्यासाठी कुणीतरी बाकावर पाहिजे. म्हणून आया चहाला गेल्या की बाई एका दप्तरातून टोपी काढून घेत. गुडघे दुखायला लागल्यापासून हे काम रेलीनकडे आलं होतं.

कुणाची घ्यायची याचंही शास्त्र होतं. मूल आवाज न करता रडणारं हवं, आणि घरचं माणूस ऑफिसात येऊन तावातावाने भांडणारं नको.

रेलीन स्वतः लहानपणी बाईंच्याच हाताखाली शिकलेली. तिच्या वेळी बाकावर शेरिल बसली होती. पाचवीतल्या पोरांनी तिला ‘बेंची’ म्हणायला सुरुवात केली, आणि आज शेरिल चौतीस वर्षांची आहे, बेकरीत पाव कापते, पण गाव अजून तिला बेंचीच म्हणतं. तिच्या लग्नात नवऱ्याच्या मित्राने भाषणात तेच नाव घेतलं आणि मांडव हसला. रेलीनही हसली होती. आमच्या गावात एकदा चिकटलेलं नाव माणसाबरोबरच पुरलं जातं.

यंदा रेलीनची जोसी शाळेत येणार होती.

आदल्या दिवशी दुपारी वर्गात पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. रेलीन खुंट्यांखाली चित्रं चिकटवत होती. बाईंनी ते पान पुढे सरकवलं.

“दोन नावं आहेत माझ्या डोक्यात,” बाई म्हणाल्या. “त्या मर्व प्रुइटची नात, डार्सी. नाहीतर तुझी जोसी.”

रेलीनच्या हातातलं कांगारूचं चित्र वाकडं चिकटलं. “माझी जोसी?”

“नोव्हेंबरात दोघी भेटीला आल्या होत्या तेव्हा पाहिलं मी. दोघी गप्प रडणाऱ्या. आणि तुझ्या पोरीला सोडलं तर गाव म्हणेल, बाई मदतनिसाच्या पोरीला सांभाळतात. तूच ठरव. माझं काही म्हणणं नाही.”

“या वर्षी बाकावर कुणालाच बसवलं नाही तर?”

“मग फेब्रुवारीत भाजलेली बावीस नाकं तू पुसत बस.” बाई हसल्या. “अगं, मी काय राक्षसीण आहे? अर्धा तास बसतं पोर. पाणी देते, पाठीवरून हात फिरवते. आणि हो, मुख्याध्यापक विचारत होते, यंदाही रेलीनच ना? म्हटलं, सांगते उद्या.”

“डार्सी,” रेलीन म्हणाली.

तीन सेकंदंही लागली नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तिने स्वतःची समजूत घातली की आपण फार विचार केला होता. बाईंनी कोऱ्या जागेत नाव लिहिलं आणि चहाचं पाणी ठेवायला सांगितलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी मर्व प्रुइट हजर. वय त्र्याहत्तर. पोरीची आई दोन वर्षांपूर्वी गेली, बाप लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर कुठे कुठे असतो, त्यामुळे डार्सी याच्याकडे. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. डार्सीच्या प्रत्येक वस्तूवर काळ्या जाड पेनाने नाव लिहिलं होतं, बुटांवर, डब्यावर, डब्यातल्या केळ्यावरसुद्धा.

“रेलीन, पोरी, जरा बघ गं सगळं आहे का,” तो दप्तर उघडून म्हणाला. “डबा, बाटली, जादा चड्डी. टोपी ही अशी पुढच्या कप्प्यात. हल्ली विसरायला होतं मला. त्यात ती सरकारी बाई महिन्याला येऊन विचारते, आजोबा, जमतंय का तुम्हाला, की दुसरीकडे सोय बघू? म्हटलं, ये ना, बघ ना, सगळं जमतंय.”

“सगळं आहे, मर्व,” रेलीन म्हणाली. “चहाला जा तुम्ही. लॅमिंग्टन संपतील.”

“रडणार नाही हं मी,” म्हणत तो गेला, आणि दारातच रुमाल काढला.

नऊ वाजून सात मिनिटांनी मुलं गालिच्यावर बसून गाणं म्हणत होती. रेलीन खुंट्यांपाशी गेली. पुढचा कप्पा उघडला. टोपीच्या आत ‘डार्सी प्रुइट’ असं दोनदा लिहिलं होतं. पहिल्यांदा नीट उमटलं नसावं. तिने ती कागदांच्या कपाटात खालच्या फळीवर सरकवली. उद्या ती हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात सापडणार होती, दरवर्षी सापडते तशी.

साडेदहाला बाईंनी बावीस मुलं रांगेत उभी केली. एकवीस टोप्या डोक्यांवर चढल्या. डार्सीने आधी पुढचा कप्पा पाहिला, मग सगळं दप्तर जमिनीवर ओतलं. केळं घरंगळत गेलं.

“आजोबांनी ठेवली होती,” ती म्हणाली.

“ठेवली असती तर असती ना, राणी?” बाईंचा आवाज अगदी गोड. “आजोबा विसरले. सगळ्यांनी डार्सीकडे बघा. टोपी नाही...?”

“खेळ नाही!” मुलं ओरडली. त्यांना मजा वाटली, म्हणून पुन्हा ओरडली.

डार्सी बाकावर बसली आणि आवाज न करता रडली. बाईंचा अंदाज कधी चुकत नसे. जेवणाच्या सुट्टीतही ती तिथेच होती, आणि तोवर पाचवीची पोरं कठड्याला लोंबकळून “ए बेंची” म्हणायला लागली होती.

सव्वातीनला मर्व आला. बाईंनी त्याला दारातच गाठलं. मागे पाचसहा आया उभ्या होत्या.

“मिस्टर प्रुइट, टोपी पाठवायला विसरलात. पोरीला दिवसभर बसावं लागलं हो.”

“मी ठेवली होती.” मर्वने डार्सीकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले. “पुढच्या कप्प्यात. ठेवली होती ना मी? रेलीन, तुला दाखवली ना सकाळी?”

सगळ्यांनी रेलीनकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. जोसी तिचा हात धरून उभी होती.

“दप्तर दाखवलंत, मर्व,” रेलीन म्हणाली. “टोपी नाही आठवत मला.”

म्हाताऱ्याने आपला तळहात पाहिला, जणू टोपी तिथे असायला हवी होती. मग मान हलवली.

“मग ओट्यावरच राहिली असेल. असंच होतंय हल्ली,” तो म्हणाला, आणि रेलीनच्या जवळ येऊन हळू आवाजात, “कुणाला सांगू नकोस हं, पोरी. त्या सरकारी बाईला तर नाहीच. नेतील गं हिला.”

“नाही सांगणार,” रेलीन म्हणाली. तिला वाटलं, आत्ता वळावं, कपाट उघडावं, टोपी त्याच्या हातात द्यावी. चौदा पावलांवर कपाट होतं. ती वळली नाही. मागून बाई म्हणाल्या, “रेलीन, मुख्याध्यापकांशी बोलले मी. वर्षभराचं झालं तुझं.” रेलीनने आभार मानले.

गाडी उन्हात तापून निघाली होती. रेलीनने जोसीला मागच्या सीटवर पट्ट्यात अडकवलं आणि स्वतः स्टिअरिंगला हात न लावता तशीच बसून राहिली.

“कसा गेला माझ्या पिल्लाचा पहिला दिवस?”

“मस्त,” जोसी म्हणाली. मग तिने विचारलं, “आई, उद्या कुणाची टोपी घेणार?”

रेलीनने आरशात पाहिलं. जोसी घाबरलेली नव्हती, रागावलेलीही नव्हती.

“मी शूला गेले होते तेव्हा बघितलं,” ती म्हणाली. “मी कुणालाच नाही सांगितलं. उद्या रूबीची घे ना, आई. ती मला गुलाबी खडू देत नाही.”