ज्योतीनं मोडलेलं पेरणी यंत्र

ज्योतीनं माझ्या बाबांचं पेरणी यंत्र एकाच दुपारी चाळीसेक वेळा मोडलं.

आणि दोन दिवसांनी बाबांनीच तिला आग्रह करकरून जेवायला वाढलं.

आज ज्योतीला जाऊन वर्ष झालं. फोटो टाकून दोन ओळी लिहाव्यात असं ठरवलं होतं. पण ज्योती दोन ओळींत मावत नाही. म्हणून किस्साच सांगते.

मंगरूळपीरला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. बाबा ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं बनवतात. मी इंजिनिअरिंग केलं आणि त्यांच्याच हाताखाली लागले.

ज्योती माझी कॉलेजची मैत्रीण. केनवडची. घरी भाजीपाल्याचं शेत. पुण्याला नोकरी लागली, मग वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आली ती परत गेलीच नाही.

त्या वर्षी आमच्या नव्या यंत्राची फ्रेम शेतात तडकली. कोपऱ्यात, वेल्डिंगच्या अगदी शेजारी.

पेरणी तोंडावर आलेली. तसलीच यंत्रं आणखी काही जणांनी सांगून ठेवलेली.

पुन्हा एक फ्रेम तुटली असती, तर बाबांनी इतक्या वर्षांत कमावलेलं नाव गेलं असतं.

बाबा म्हणाले, "सगळीकडे जाड प्लेट टाक."

जाड प्लेट टाकली की यंत्र जड होतं, आणि उचलताना लहान ट्रॅक्टरचं तोंडच वर येतं.

म्हणून मी सिम्युलेशन करत बसले होते. स्क्रीनवर यंत्राचं मॉडेल असतं, त्यावर जमिनीचा जोर लावायचा, आणि ताण कुठे येतो ते रंगात दिसतं. लाल म्हणजे गेलं.

जाडी बदल, क्लिक. रन कर, क्लिक. वाट पाहा. आकडा लिही. परत जाडी बदल.

तेवढ्यात ज्योती आली. हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी.

"काय करून राह्यली वं?"

"सिम्युलेशन."

"हे सिम्युलेशन नोहे. तू क्लिक करायची मजुरी करून राह्यली. सरक तिकडे."

तिनं पायथन उघडलं, प्रोग्राम लिहायची भाषा.

त्या सॉफ्टवेअरला बाहेरून प्रोग्राम लिहून हुकूम देता येतात, हे मला माहीत होतं. परीक्षेपुरतं. ज्योतीनं ते डोळ्यांसमोर करून दाखवलं. मॉडेल उघड, जाडी बदल, ताण काढ, आकडा ठेव, पुढची जाडी घे. थोड्याशा ओळी.

पहिलाच रन फसला. युनिटमध्ये घोळ झाला आणि जमिनीचा जोर भलताच जास्त लागला. स्क्रीनवर आमची फ्रेम जिलबीसारखी वळली!

ज्योती एवढी हसली, एवढी हसली, की बाबा हातातलं काम टाकून आत आले.

"काय झालं?"

"काका, तुमचं यंत्र पार गेलं!"

"कोनतं?"

"हे, कॉम्प्युटरातलं."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की मलाही हसू आवरेना.

चूक दुरुस्त करून तिनं रन लावला आणि उठली. "चाल, भजे खाऊ."

"आणि हे?"

"हे मोडत बसते आपलं. त्याले कंटाळा येत नाही. कंटाळा आपल्याले येते, अन् मंग आपन अर्ध्यातच सोडून देतो."

भजी खाऊन आलो तर सगळे आकडे तयार. जाडी कितीही वाढवा, कोपरा लालच. म्हणजे दुखणं जाडीचं नव्हतंच.

ज्योतीनं प्रोग्राममध्ये आणखी दोन-चार ओळी टाकल्या. आता कोपऱ्यात एक तिकोनी पट्टी, कधी लहान, कधी मोठी.

एका मापाला कोपरा हिरवा झाला. जुन्याच जाडीत.

मी किंचाळले. खरंच किंचाळले.

बाबांना पटेना. "एवढीशी पट्टी? कॉम्प्युटर काय वावरात जाते का?"

"तो नाही जात काका. तुमी जा. अन् मोडून दाखवा."

बाबांनी ते मनावर घेतलं. पट्टी मारून दोन दिवसांनी यंत्र मुद्दाम सगळ्यात कडक, दगडगोट्यांच्या वावरात नेलं. ट्रॅक्टरवर स्वतः बसले. ज्योती धुरळ्यात मागून पळतेय, ओरडतेय, "आनखी दाबा काका, आनखी दाबा!"

फ्रेम हलली नाही.

बाबा उतरले. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग एवढंच म्हणाले, "पोरी, जेवल्याशिवाय जाऊ नको."

ती सगळी यंत्रं वेळेत गेली. आजही चालतात.

मग आजार आला. त्याबद्दल लिहीत नाही. तिनंही त्याला फार भाव दिला नाही. सलाईनच्या हातानं लॅपटॉप चालवायची आणि सिस्टरची बोलणी खायची.

मागच्या आठवड्यात तिची आई वर्कशॉपवर आली.

"ज्योती दिवसभर काय करे, मले एकदा दाखव."

मी काकूंना खुर्ची दिली आणि तोच प्रोग्राम लावला. तो चालताना स्क्रीनवर एकेक मेसेज येतो. ज्योतीनं ते सगळे आपल्या वऱ्हाडीत लिहिलेत. काकूंनी चष्मा लावला आणि हळूहळू वाचू लागल्या.

"थांब जरा, जीव नको खाऊ."

"तुटलं तं तुटलं. दुसरं घे."

"झालं वं माय. आता चार घास खाऊन घे."

काकू थांबल्या. माझ्याकडे वळल्या.

"अवं, हे तं मीच तिले रोज म्हनो!"

आणि हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. ती गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

डोळे पुसून म्हणाल्या, "आनखी एकदा लाव."

सगळी दुपार आम्ही तेच लावत बसलो.

ज्योती, तुला मनापासून नमस्कार. आणि लय लय प्रेम, वं.