'पुट अप विथ'चं वाक्य

"मॅडम, इंग्रजी पुरे आता. बापाला निरोप धाडा. सोमवारी मेंढ्या आमच्या वावरात बसवायच्या म्हनावं."

नववीचा वर्ग. दारात आमच्या संस्थेचे अध्यक्ष, मागं त्यांचे दोन पाहुणे. त्यांच्याकडं वळून अध्यक्ष म्हणाले, "मेंढक्याची पोर हाय. आपणच उभी केली." पाहुणे हसले. पोरं बी हसली. माझ्या हातात खडू तसाच.

"हो साहेब," मी म्हणले. सात वर्षं हेच म्हणत आले. मला कायम करायच्या कागदावर त्यांची सही व्हायचीय ना! मी इथं लागले तवापासून आबाचा कळप लेंडीखतासाठी दरसाल आधी यांच्या रानात बसतो. दुसरे शेतकरी ज्वारी देतात, भाकरी देतात. हे पाणीसुद्धा विचारत न्हाईत. वर ऐकवतात, पोरीला नोकरी दिली की! लई थकले मी. राग यायचा बी बंद झाला होता.

ते गेले. फळ्यावर मी मघाशी 'पुट अप विथ' लिहिलं होतं. अर्थही सांगितला होता. त्रास होतो, पटत न्हाई, तरी निमूट चालवून घ्यायचं. शेजाऱ्याचा गोंगाट, उन्हाळ्याची गरमी, असली उदाहरणं दिली होती. आता म्हणले, तुमी आपापलं एक वाक्य लिहा.

वह्या बघत फिरले. कुणी डासांवर लिहिलेलं, कुणी थोरल्या भावावर. शेवटच्या बाकावरच्या पोरीनं वही हातानं झाकली. तिचा बाप बी मेंढरंच राखतो. मी तिचा हात बाजूला केला.

'अवर मॅडम पुट्स अप विथ अध्यक्षसाहेब.'

"चुकलं का, मॅडम?" तिनं घाबरत विचारलं.

"न्हाई. बरोबर हाय."

लाल पेनानं खूण केली. लाज वाटली, लई वाटली. त्या माणसाची न्हाई, माझीच. सात वर्षं मी इथल्या पोरांना हेच शिकवत होते, फळ्याविना.

तिथंच, वर्गात, मोबाइल काढला. युसूफ वडगाव गावच्या शिवारात आबा मेंढरं चारत होते.

"आबा, यंदा साहेबांच्या वावरात मेंढ्या न्यायच्या न्हाईत."

"कावून? नोकरी जाईल की, माय."

"जाऊ द्या."

फोन ठेवला. थकवा काही गेला न्हाई. सोमवारी ते विचारतील, मेंढ्या कुठंयत? मी 'हो साहेब' म्हणणार न्हाई. सही करोत, न करोत.

त्या पोरीचं वाक्य आज खरं होतं. सोमवारी ते मला खोटं पाडायचंय.