खालून दुसरी तार

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला काहून सांगते आहे? तुम्ही माझ्या घरी येऊन चहा पिणार नाही, तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघणार नाही — म्हणून असेल. समोर बसून बोलले असते तर आपल्या बोलीत बोलले असते. लिहायला घेतलं की शाळेतली भाषा हातात येते, आणि तिच्यात वाईट गोष्टही जरा धुतलेली दिसते. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

गोष्ट गिटारची आहे. माझा भाऊ चिखल्याला, खाणीत नोकरीला. कॉलनीतल्या पोरांचं बघून त्यानं गिटार घेतली, दोन महिन्यांत हौस फिटली, आणि दिवाळीला आला तेव्हा माझ्या घरी टाकून गेला. आमचं घर अड्याळच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, लागून. सासू म्हणाली, "हा भोपळा कायले ठेवला वं घरात?" मी ती उचलून कोपऱ्यात उभी केली. मनातून मात्र अशी खूश झाले होते, की काय सांगू. त्या घरात भांडी सासूची, शेत नवऱ्याचं, कपाटाची किल्लीसुद्धा सासूच्या कमरेला. गिटार तेवढी माझी होती. अडतिसाव्या वर्षी माणसाला असं वाटावं का? वाटलं खरं.

दुपारची कामं आटोपली की मोबाईलवर व्हिडिओ लावून शिकायची. बोटांच्या टोकांत तारा अशा रुतायच्या की भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जायचं म्हणजे तीन बोटं एकदम उचलून दुसरीकडे बसवायची — माझी एकेक करून जायची, म्हाताऱ्या बायका बसमध्ये चढतात तशी. पण मजा यायची. खरंच यायची.

आणि मग वनिता माझ्याजवळ येऊन बसू लागली.

वनिता माझी धाकटी नणंद. सासरी नांदली नाही — म्हणजे तिला नांदू दिलं नाही — आणि तिशीच्या आत परत आली. आली तेव्हापासून कोणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. लोक विचारतात ना, म्हणून. फक्त रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तिचा आवाज निघायचा. बांधीत बायका ओळीनं पऱ्हे, धानाची रोपं, रोवत असल्या की गाणं वनिताच उचलायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. कोणी शिकवलं नव्हतं. तिचा सूर असा सरळ यायचा की वाकलेल्या कमरा थोड्या हलक्या व्हायच्या. हे मी आज म्हणते आहे असं नाही, तेव्हाही मला माहीत होतं. ते माहीत होतं म्हणूनच तर पुढचं घडलं.

मी तिला गिटार धरायला शिकवली. मायेनंच शिकवली, यावर विश्वास ठेवा. तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवून एकेक तार दाबून दाखवली. पंधरा दिवसांत ती माझ्या पुढे गेली. मला दहा महिन्यांत जे जमलं नाही ते तिला पंधरा दिवसांत. मला राग आला का? नाही हो. आधी कौतुकच वाटलं. मग एक दिवस आमचे हे शेतातून आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "वनूच वाजवून राहिली ना? मी रस्त्यावरूनच ओळखलो." एवढंच. ते हसत होते. बहीण कितीतरी दिवसांनी हसली होती, म्हणून हसत होते. आणि मी आत भाताचं आधण बघायला गेले, तर डोळ्यांपुढे काही दिसेना.

ते कोजागिरीच्या आधीचे दिवस होते. आमच्याकडे पोरी महिनाभर भुलाबाईची गाणी म्हणतात, कोजागिरीला शेवट करतात. त्या वर्षी शेजारच्या बायकांनी ठरवलं — वनितानं गिटार वाजवायची आणि गाणी म्हणायची. आणि वनिता हो म्हणाली. चार माणसांत बसायला ती पहिल्यांदा हो म्हणाली होती. रोज सकाळी साडी कोणती नेसू, विचारायची.

आता ती गोष्ट. गिटारच्या तारा उतरतात, रोज लावाव्या लागतात. त्याला मोबाईलमध्ये एक अॅप असतं. तार छेडली की काटा हलतो, बरोबर लागली की हिरवं होतं. मोठा मोबाईल माझ्याकडेच, वनिताजवळ बटणाचा. म्हणून तारा रोज मीच लावायची. तिला त्यातलं एवढंच ठाऊक — हिरवं आलं की बरोबर.

कोजागिरीच्या दुपारी मी सहाही तारा नीट लावल्या. हिरव्या केल्या. आणि मग खालून दुसरी जी तार, तिची खुंटी थोडीशी उलटी फिरवली. फार नाही. माझ्यासारखीला कळलंही नसतं, इतकीच.

तिला कळलं. पहिल्याच छेडीला तिनं मान वर केली. "वहिनी, ही तार उतरली का वं? वेगळं वाटून राहिलं."

इथं थांबता आलं असतं, नाही का? खुंटी फिरवायची, हो गं म्हणायचं, झालं. मी मोबाईल तिच्यापुढे धरला, त्याच्या आडून त्या तारेऐवजी तिच्या वरची, नीट लागलेली तार छेडली आणि हिरवं दाखवलं. म्हणाले, "मोबाईल खोटा बोलते का? तुझ्या कानातच काही असन."

तिनं मोबाईलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मान हलवली — वाद घातला नाही, काही नाही. मी सांगितलं म्हणजे तसंच असणार, इतका तिचा माझ्यावर भरवसा.

दिवेलागणीला अंगणात सगळ्या जमल्या. वनितानं वाजवायला सुरुवात केली. तिचा गळा खरा होता आणि तार खोटी होती. आणि ती बिचारी आपला गळा त्या तारेमागे ओढत नेत होती. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला. पोरी हसल्या, पोरीच त्या. एक म्हातारी म्हणाली, "राहू दे माय, तसंच म्हण, त्या डब्याबिगर." पण वनिताला आता तसंही म्हणता येईना. तिनं गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "वहिनी, तूच वाजव. मले कान नाही."

मी काय केलं असेल? सगळ्यांसमोर, तारा चाचपल्यासारखं करून, ती खुंटी जागेवर फिरवली, आणि मला येत होते ते तीन कॉर्ड वाजवले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वनितानं सगळ्यात जास्त.

याला आता चार वर्षं झाली. मी बऱ्यापैकी वाजवते. गणपतीत, शाळेच्या कार्यक्रमात मला बोलावतात. वनिताजवळही आता मोठा मोबाईल आहे, पण गिटारला तिनं पुन्हा हात लावला नाही. कोणी विषय काढला तर सांगते, वहिनीचा कान पक्का आहे, आमच्या घरात तिलाच कळते. अभिमानानं सांगते. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "बरं झालं तू होती, तू सांगतलं. नाही तं मी जन्मभर बेसूर गात राहिली असती आन् लोकं मांगं हासले असते." मी भाजीचे देठ मोडत राहिले. माझं तिच्यावर प्रेम आहे, हे तुम्हाला आता कसं पटावं? आजारी पडली की रात्रंदिवस उशाशी मीच असते. ती जेवल्याशिवाय मला घास जात नाही. हे सगळं खरं आहे, आणि त्या दुपारचं त्यानं काहीच बदलत नाही.

या वर्षीच्या रोवण्यात आम्ही एकाच ओळीत होतो. बायका सकाळपासून मुक्यानं रोवत होत्या. मागच्या बांधीतून कोणीतरी म्हणालं, "काहून वं वने, चूप? उचल ना गाणं."

"मी बेसूर आहो माय," वनिता हसून म्हणाली. "वहिनीले सांगा."

माझे हात मनगटापर्यंत चिखलात होते. ती माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. नुसतं इतकंच म्हणायचं होतं — वनू, त्या दिवशी तू बरोबर ऐकलं होतं. सगळ्या जणी वाट पाहत होत्या. तीही पाहत होती, पऱ्ह्यांची जुडी हातात धरून.

मी गाणं उचललं. वनिता सगळ्यांच्या मागून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणत होती. तिचा सूर बरोबर लागला होता. मी पुढची ओळ घेतली.